गंधक वाहून नेणारे विकर आणि ज्वारीचा मोड

प्रस्तुत लेखाचा विषय जीवरसायनशास्त्रातील असला तरी आमच्यापुरता त्याचा आरंभ परंडा तालुक्यातील एका शेतात झाला. म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

रब्बीची ज्वारी हे आमच्या भागातील जुने पीक. ज्या वर्षी पाऊस दीर्घकाळ ओढ देतो आणि मग एकाएकी पडतो, त्या वर्षी खुरटलेल्या ताटांना व काढणीनंतर राहिलेल्या धसकटांना हिरवे, लुसलुशीत फुटवे येतात. काही वर्षांपूर्वी अशाच हंगामात सीना नदीकाठच्या एका गावचा शेतकरी आमच्या चिकित्सालयात आला. सोबत रोगी कोणी नव्हता. आदल्या दिवशी त्याच्या दोन गायी दावे तोडून अशा फुटव्यांत शिरल्या होत्या. एक तेथेच धाप लागून व झटके येऊन पाऊण तासाच्या आत गेली. दुसरी पशुवैद्यांनी शिरेतून दिलेल्या दोन औषधांनी वाचली. यास शेतकरी ‘किराळ लागणे’ म्हणतात आणि तो प्रकार त्यांना नवा नाही. त्याचा प्रश्न निराळाच होता. तो म्हणाला, “डॉक्टर, तुम्हीच लिहून दिलंय म्हणून आमची आई ज्वारीला मोड आणून धाकट्या लेकराला सत्त्व करून घालती. गाय मेली ती बी ज्वारीच्या कोंबानंच. मग ह्यात ते इख न्हाई का?”

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आमच्यापाशी नव्हते. दुर्बल बालके व बाळंतिणी यांच्यासाठी आम्ही जे आहारपत्रक छापून वाटत होतो, त्यात नाचणीच्या सत्त्वाशेजारी ज्वारीच्या सत्त्वाचे नाव आम्हीच घातले होते. नाचणी या बाजूस फारशी पिकत नाही, ज्वारी घरोघर असते, एवढाच विचार त्यामागे होता. ‘पुढील निरोप देईपर्यंत सत्त्व बंद ठेवा आणि आईंना एकदा घेऊन या,’ असे सांगून आम्ही त्यास परत पाठविले व पुस्तके उघडली. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडतो.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरीन नावाचे ग्लुकोसाइड असते. डन्स्टन व हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये ते वेगळे काढले आणि ज्वारीच्या ‘धुरा’ या अरबी नावावरून त्यास हे नाव दिले. टायरोसीन या ॲमिनो आम्लापासून वनस्पती ते तयार करते. पानाच्या बाह्यत्वचेतील पेशींत धुरीन आणि आतील पेशींत ते फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, अशी दोघांची बिऱ्हाडे वेगळी असतात. पान चावले, चुरगळले वा कोमेजले की दोघांची गाठ पडते व त्यातून हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. कोंब जितका कोवळा तितके धुरीन अधिक. पाण्याचा ताण पडल्यावर, त्यातच युरिया दिलेला असल्यास, ते आणखी वाढते. झाड मोठे होते तसे प्रमाण उतरते आणि नीट वाळलेल्या कडब्यात ते बरेच कमी झालेले असते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जंतू हे ग्लुकोसाइड झपाट्याने फोडतात, म्हणून गाय-बैल त्यास लवकर बळी पडतात. माणसाच्या जठरातील तीव्र आम्ल वनस्पतीच्या विकराला बऱ्याच अंशी निकामी करते, त्यामुळे आपला बचाव काहीसा होतो. तो पुरेसा नाही, हे पुढे दिसेल.

पक्व, कोरड्या दाण्यात धुरीन नगण्य असते. भाकरीविषयी कोणीही मनात शंका आणू नये. दाणा भिजून अंकुरू लागला की धुरीन नव्याने तयार होते व ते मुख्यतः कोंबात आणि मुळीत साठते. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत १०० ग्रॅम ज्वारीपासून तीन दिवस वाढविलेल्या मोडांतून सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास हायड्रोसायनिक आम्ल निघू शकते असे आढळले. तोंडावाटे घेतलेल्या सायनाइडची प्राणघातक मात्रा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.५ ते ३.५ मिलिग्रॅम मानली जाते. हे दोन आकडे शेजारी मांडून पाहिले तेव्हा आमच्या पत्रकातील त्या एका ओळीचे गांभीर्य आम्हांस प्रथम कळले.

आता शरीराच्या बाजूने पाहू. सायनाइड पेशींच्या कणिकांत, म्हणजे मायटोकाँड्रियात, सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरातील लोहास जाऊन चिकटते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, परंतु पेशीला तो वापरता येत नाही. म्हणूनच विषबाधा झालेल्या जनावराच्या शिरेतील रक्तही लालभडक दिसते. असे हे तीव्र विष असूनही त्याचा अत्यल्प अंश आपल्या सर्वांच्या शरीरात रोज येतो व निर्विष होतो. बिडीच्या धुरातून, जवसातून, फळांच्या बियांतून तो येतो. शरीर त्यावर गंधकाचा एक अणू चढविते आणि सायनाइडचे थायोसायनेट होते. हे थायोसायनेट कितीतरी सौम्य असून मूत्रावाटे निघून जाते. सायनाइडचा सुमारे ८० टक्के भाग याच वाटेने जातो. उरलेल्यातील काही ब-१२ जीवनसत्त्वाच्या एका रूपाशी बांधला जातो, थोडा श्वासावाटे बाहेर पडतो.

गंधकाचा हा अणू चढविणारी दोन विकरे आहेत. पहिले ऱ्होडनीज. लँग या जर्मन संशोधकाने ते १९३३ मध्ये वर्णिले. थायोसायनेटला जर्मन भाषेत ‘ऱ्होडानिड’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुलाब. थायोसायनेटमध्ये लोहाचा क्षार मिसळताच जो रक्तासारखा लाल रंग येतो, त्यावरून हे नाव पडले. ऱ्होडनीज यकृतात विपुल असते, पण ते मायटोकाँड्रियाच्या आत बसलेले असते आणि त्यास गंधक पुरविणारे थायोसल्फेट तेथवर सहज पोहोचत नाही.

दुसरे विकर या लेखाचा मुख्य विषय होय. त्याचे नाव ३-मर्कॅप्टोपायरुवेट सल्फरट्रान्सफरेज. नाव लांबलचक असले तरी त्यातच त्याचे सारे काम सांगितले आहे: मर्कॅप्टोपायरुवेटवरील गंधक उचलून दुसऱ्यास देणे. ऱ्होडनीजचे हे सख्खे भावंड म्हणावे, कारण माणसात दोघांची जनुके बाविसाव्या गुणसूत्रावर अगदी शेजारी शेजारी आहेत. मात्र हे विकर मायटोकाँड्रियात असते तसे पेशीद्रवातही असते आणि यकृत व वृक्क यांखेरीज मेंदू, हृदय व तांबड्या रक्तपेशींतही आढळते. विष ज्या इंद्रियांना आधी मारते, तेथेच हा रखवालदार हजर असतो.

त्याच्याकडे गंधक येते कोठून, हे वैद्याने ध्यानात ठेवावे. अन्नातील प्रथिनांतून मेथिओनीन मिळते. त्यापासून होमोसिस्टीन, त्यापासून सिस्टाथायोनीन आणि त्यापासून सिस्टीन अशी साखळी आहे. शेवटच्या दोन पायऱ्यांना ब-६ जीवनसत्त्व लागते. सिस्टीनवरील ॲमिनो गट दुसरे एक विकर काढून घेते, त्यालाही ब-६ लागते, आणि मर्कॅप्टोपायरुवेट तयार होते. येथे आपले विकर पुढे येते. त्याच्या स्वतःच्या साखळीत एक क्रियाशील सिस्टीन आहे. मर्कॅप्टोपायरुवेटवरील गंधक प्रथम या सिस्टीनवर चढते व पायरुवेट मोकळे होते. नंतर समोर सायनाइड आले तर ते गंधक त्याला मिळते व थायोसायनेट तयार होते. सायनाइड नसेल तर थायोरेडॉक्सिनसारख्या नेहमीच्या वाहकास ते मिळते आणि त्यातून अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड सुटते. कुजक्या अंड्याच्या वासाचा हा वायू अत्यल्प मात्रेत मेंदूत व रक्तवाहिन्यांत संदेश देण्याचे काम करतो. या विकरातूनही तो निर्माण होतो हे २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखविले. या विकराचा जन्मजात अभाव असलेले थोडे लोक १९६८ पासून नोंदले गेले आहेत. त्यांच्या मूत्रात एक विशिष्ट गंधकयुक्त द्रव्य जाते. त्यांतील काहींना मतिमंदत्व होते, तर काही पूर्णपणे निरोगी आढळले.

यावरून एक गोष्ट उघड होते. विकर जागेवर असले तरी त्याच्या हाती गंधक नसेल तर ते काही करू शकत नाही. बाहेरून गंधकदाता न मिळाल्यास माणसाचे शरीर किलोमागे मिनिटाला सुमारे १ मायक्रोग्रॅम एवढेच सायनाइड निर्विष करू शकते, असा अंदाज वापरला जातो. म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीत तासाला ३ मिलिग्रॅम आणि १० किलोच्या बालकात ०.६ मिलिग्रॅम. त्या बालकास २० ग्रॅम ज्वारीचे मोड मुळ्यांसकट वाटून दिले, तर वरील मोजणीच्या हिशेबाने १२ मिलिग्रॅमपर्यंत विष पोटात जाण्याचा संभव आहे. घरी मोड बहुधा एक-दोन दिवसच ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी राहील व सर्व धुरीन फुटेलच असेही नाही. तरीही १० किलोच्या मुलास ५ मिलिग्रॅमपासून धोका धरावा लागतो, हे विसरता येत नाही.

गंधकाच्या या तुटवड्याचे जे भयंकर रूप जगाने पाहिले ते आफ्रिकेतील आहे. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्या कसाव्याच्या कडू जाती तेथे मुख्य अन्न आहेत. त्यात लिनामरीन हे धुरीनसारखेच ग्लुकोसाइड असते. एरवी कंद पुष्कळ दिवस भिजवून, वाळवून मगच खातात. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळ पडला, भिजविण्यास सवड राहिली नाही आणि कंदाखेरीज खाण्यास दुसरे काही उरले नाही. हजाराहून अधिक लोकांचे, मुख्यतः स्त्रिया व मुलांचे, पाय एकाएकी ताठरले ते कायमचेच. या विकारास कोंझो म्हणतात. काँगोमधील एका भाषेत त्याचा अर्थ ‘बांधलेले पाय’ असा होतो. रोग्यांच्या आहारात सायनाइड अधिक होते आणि गंधकयुक्त ॲमिनो आम्ले देणारी डाळ, मासे, दूध जवळपास नव्हते. आपल्याकडील साबुदाण्यात पिष्ट पुन्हा पुन्हा धुऊन घेतात व भाजतात, त्यामुळे ती भीती नाही. परंतु दुष्काळ, एकसुरी अन्न आणि प्रथिनांची तूट या तीन गोष्टी परंड्यास अपरिचित आहेत असे कोण म्हणेल?

त्या शेतकऱ्याच्या मातोश्री पुढच्या बाजाराच्या दिवशी आल्या. सत्त्व कसे करता, असे विचारताच त्यांनी सांगितले, “मोड कडू लागत्यात, पोरगं थुंकतंय. म्हणून उन्हात खडखडीत वाळवायचं, हातानं चोळायचं, पाखडून मोड समदे टाकायचे आन् मग भाजून दळायचं.” आफ्रिकेत अंकुरित ज्वारीचे पीठ करताना कोंब व मुळ्या काढून टाकण्याची जी रीत ग्रंथांत दिली आहे, ती तंतोतंत हीच. मूल ठणठणीत होते. आमच्या पत्रकात मात्र मोड काढण्याचा उल्लेख नव्हता. उलट ‘मोडांसह वाटावे, त्यात जीवनसत्त्वे असतात’ असे आम्ही मूग-मटकीच्या धर्तीवर लिहिले होते. ती चूक आमची होती. एका आजीच्या जिभेने ती निस्तरली, ते आमचे भाग्य.

ज्वारीच्या मोडांची उसळ, कोशिंबीर वा कच्चा रस कोणासही सांगू नये. केवळ शिजविण्यावर विसंबणे योग्य नाही, कारण उष्णतेने विकर नष्ट झाले तरी धुरीन टिकू शकते व आतड्यातील जंतू ते फोडू शकतात. नाचणीच्या मोडांत धुरीन नसते, म्हणून शक्य तेथे नाचणीच सांगावी. ज्वारीचे सत्त्व द्यावयाचेच झाल्यास कोंब व मुळी निःशेष काढलेलेच द्यावे.

जवसाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तो आपल्या औषधालयांत विकला जातो. अतसीत लिनामरीन व त्याच्या जातीची आणखी ग्लुकोसाइडे असतात. भावप्रकाशात अतसी गुरू, उष्ण आणि दृष्टी व शुक्र यांस अहितकर सांगितली आहे. दीर्घकाळ सायनाइड पोटात गेल्याने नेत्रनाडीस इजा होते हे वाचून दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह आम्हांसही झाला. प्राचीनांचा हेतू हाच होता असे म्हणण्यास मात्र आमची लेखणी धजत नाही. व्यवहारापुरते एवढे सांगता येते की, आमच्याकडील तव्यावर भाजून कुटलेली चमचाभर चटणी निर्धोक आहे. अडचण हल्लीच्या ‘कच्चे जवस वाटीभर, उपाशीपोटी’ या उपदेशाने होते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये थेट ग्राहकास विकल्या जाणाऱ्या कच्च्या जवसासाठी किलोमागे १५० मिलिग्रॅम हायड्रोसायनिक आम्लाची मर्यादा घातली. त्या मर्यादेतील जवस ३० ग्रॅम घेतले तर ४.५ मिलिग्रॅम होतात. अन्नातील घातक द्रव्यांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये एका दिवसासाठी किलोमागे ०.०९ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली होती, म्हणजे ५० किलोच्या स्त्रीस नेमके तेवढेच. जवसातील विष सावकाश सुटते, त्यामुळे निरोगी मनुष्यास यातून सहसा काही होत नाही. तरी मात्रा दिवसास १० ते १५ ग्रॅमच्या वर नेऊ नये, असे आमचे मत आहे. ज्यास गलगंड वा अवटु ग्रंथीची मंदता आहे, ज्याचे वृक्क दुर्बल आहेत, जो बिडी ओढतो, त्याच्या बाबतीत आम्ही अधिक हात आखडता घेतो. थायोसायनेट अवटु ग्रंथीत आयोडीन शिरू देत नाही, वृक्क दुर्बल असता ते रक्तात साठते आणि बिडीने त्याचे प्रमाण आधीच वाढलेले असते.

जर्दाळूच्या कडू बिया मात्र ठामपणे नाकाराव्यात. कर्करोगावरील ‘जीवनसत्त्व ब-१७’ म्हणून त्यांचा प्रचार होतो. असे कोणतेही जीवनसत्त्व नाही. त्यातील ॲमिग्डालिनपासून सायनाइडच निघते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार प्रौढाने एका वेळी तीनपेक्षा अधिक लहान बिया खाल्ल्या तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. क्षीण झालेल्या कर्करोग्याच्या शरीरात गंधकयुक्त ॲमिनो आम्लांचा साठा आधीच रोडावलेला असतो, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे.

आपल्यापैकी अनेकांच्या ओठी आलेला प्रश्न आम्ही ओळखतो. गंधकच हवे ना, मग गंधक रसायन द्यावे काय? तुपात वितळवून दुधात शोधलेला गंधक हा मूलद्रव्यरूप गंधक होय. प्रस्तुत विकर जे गंधक उचलते ते सिस्टीनपासून झालेल्या मर्कॅप्टोपायरुवेटवरचे. नाव एक असले तरी शरीरातील वाट एक नाही. सायनाइडवर प्रत्यक्ष वापरात असलेली औषधे म्हणजे सोडियम नायट्राइट, सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रॉक्सोकोबालामिन. पशुवैद्यांनी त्या गायीस पहिली दोनच दिली होती. थायोसल्फेट म्हणजे जुन्या छायाचित्रकारांचा ‘हायपो’ हे खरे, पण म्हणून छायाचित्रालयातील भुकटी पाजण्याचा प्रयोग करू नये. मर्कॅप्टोपायरुवेट रक्तात टिकत नाही. म्हणून शरीरात गेल्यावर ते मोकळे करील असे सल्फानेजेन नावाचे द्रव्य अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात तयार करण्यात आले. आपल्या विकरास थेट गंधक पुरविण्याचाच तो प्रयत्न आहे. दूषीविषाच्या संकल्पनेशी मंद सायनाइडबाधेची तुलना बोधप्रद आहे. तुलना करावी, परंतु समीकरण मांडू नये. रोगी धापा टाकीत, भोवळ येऊन, मोड वा बिया खाल्ल्याच्या इतिहासासह आला, तर अगदतंत्राची पाने न चाळता प्राणवायू लावून त्याला त्वरित रुग्णालयात पोहोचवावे. येथे मिनिटांचा हिशेब असतो.

औषधनिर्मात्यांसाठी एक सोपी परीक्षा सांगून थांबतो. पिक्रेट कागदाची ही परीक्षा फार जुनी आहे. कच्च्या मालाची थोडी भरड नळीत घ्यावी, कोमट पाण्याने भिजवावी, सोडियम पिक्रेटमध्ये बुडविलेली ओलसर पिवळी पट्टी द्रवास स्पर्श होणार नाही अशी वर टांगावी, बूच घट्ट लावावे व नळी काही तास उबदार जागी ठेवावी. पट्टी विटकरी लाल झाली तर हायड्रोसायनिक आम्ल सुटते आहे असे समजावे. पिक्रिक आम्ल कोरडे झाल्यास स्फोटक असते, म्हणून तयार सौम्य द्रावणच घ्यावे व सुकू देऊ नये. ही परीक्षा भाजलेल्या मालास लावू नये. भाजल्याने वनस्पतीचे विकर मरते, पट्टी पिवळीच राहते आणि ग्लुकोसाइड मात्र शिल्लक असू शकते. अशा मालाचे नेमके प्रमाण प्रयोगशाळेतूनच काढून घ्यावे. जवसाच्या चूर्णावर दैनंदिन मात्रा आणि ‘भाजलेले’ अथवा ‘कच्चे’ हा शब्द ठळक छापावा.

आमच्या सुधारित आहारपत्रकात आता फक्त नाचणीचे सत्त्व आहे. जुन्या पत्रकाच्या प्रती परंडा, भूम व बार्शी भागातील अनेक वैद्यबंधूंनी आमच्याकडून नेल्या होत्या. त्या कोणाकडे शिल्लक असतील तर ज्वारीच्या मोडांची ओळ खोडल्याशिवाय रोग्याच्या हाती देऊ नयेत, ही विनंती.